मास्टरांची उंच गाडी

टेलरमास्टर ही गोष्ट दुकानात येईल त्याला सांगतात. पँटची उंची कमी करायला आलेलं गिऱ्हाईक दहा मिनिटांत सुटायचं, ते पाऊण तास अडकतं. कारण मास्टर हातातलं काम खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, स्वतःची अब्रू स्वतःच्याच हातांनी चव्हाट्यावर मांडत बसलेले असतात. "ऐका हो," म्हणतात, "माझ्यासारखा गाढव तुम्हाला पुन्हा बघायला मिळायचा नाही." आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

दुकान आठ बाय दहाचं. नवे कपडे शिवणं मास्टरांनी कधीच सोडलं. आता फक्त आल्टर. लोक तयार कपडे घेतात, ते कुणालाच धड बसत नाहीत, मग पिशवीत कोंबून मास्टरांकडे आणतात. कंबर सैल करा, बाही आखूड करा, पोट सुटलंय पण दिसता कामा नये असं काहीतरी करा. तीस वर्षं हेच. माणूस दारात उभा राहिला की त्याची छाती किती, पोट किती, आणि ते पोट त्याने किती आत ओढून धरलंय, हे मास्टरांना टेप न लावता कळतं. स्वतः मास्टर पाच फूट दोन इंच. "त्यातला एक इंच चपलेचा," हेही तेच सांगतात.

तर अशा या माणसाला छप्पन्नाव्या वर्षी डोंगर चढणारी गाडी हवी झाली. जुनी घ्यायची, आणि मग तिला आल्टर करायचं.

कारण होतं, अगदी खरं कारण होतं. मास्टरांच्या बायकोची थोरली बहीण, घरात सगळे ताईच म्हणतात, वरच्या पठारावर मुला-सुनेपाशी राहते. दोघी बहिणींची आई लवकर गेलेली. धाकटीला ताईनेच वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेच्या फाटकापर्यंत हात धरून नेलं. लग्नं झाली तरी महिन्याकाठी एक फेरी ठरलेली. पण दोन वर्षांपूर्वी डोंगराचा कडा खचला आणि वरच्या सात किलोमीटरचा रस्ता गेला. डांबर होतं तिथे दगड, दगड होते तिथे खड्डे. मास्टरांकडे एक छोटी गाडी होती, तिने पहिल्याच चढावर जे पोट टेकलं ते चार माणसांनी ढकलल्यावर सुटलं. ताईंना खाली आणावं तर त्या घर सोडून हलायला तयार नाहीत. धाकटीने पायी जावं तर तिचा उजवा गुडघा दुखरा, दुकानाच्या तीन पायऱ्या चढतानाही भिंतीला हात लावते. मग उरला तो रविवारचा फोन.

आणि तो फोनही बदलत चालला होता. आधी ताई नुसता आवाज ऐकून "बोल गं" म्हणायच्या. मग एका रविवारी म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

"ताई, मी. धाकटी."

"हां हां, तू होय," ताई म्हणाल्या, पण मध्ये जी शांतता गेली ती बायकोने बरोबर ऐकली. नंतर सुनेने हळूच सांगितलं की डॉक्टर म्हणालेत, विसरायला लागल्यात. आज ओळखतात, पुढचं सांगता येत नाही, काय भेटायचं ते लवकर भेटून घ्या.

त्या दिवशी बायको मास्टरांना म्हणाली, "अहो, दर बुधवारी खालून ट्रॅक्टर जातो वर, खताची पोती घेऊन. सून म्हणतेय, ट्रॉलीत गादी टाकतील, हळू नेतील. मी जाऊन येते."

इथे मास्टर गोष्ट थांबवतात आणि गिऱ्हाइकाकडे बघून विचारतात, "तुम्ही असता तर काय म्हणाला असता? जा म्हणाला असता ना? मी काय म्हणालो सांगू?"

मास्टर म्हणाले, "माझी बायको पोत्यांवर बसून जाणार? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" बायकोने विचारलं.

 पण माणूस एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढला की उत्तरं लागत नाहीत. मास्टरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आपण गाडी घेऊ. डोंगरातली. चारही चाकांना ताकद जाणारी, फोर बाय फोर. तुला राणीसारखी घेऊन जातो.

आता आतली गोम ऐका. मास्टरांच्या दुकानात खडूच्या आणि बटणांच्या खणांखाली एक तिसरा खण आहे. त्यात विसाव्या वर्षापासून कापून ठेवलेली चित्रं. नदीतून जाणारी गाडी, चिखलात माखलेली गाडी, कड्याच्या टोकावर उभी गाडी आणि शेजारी कमरेवर हात ठेवून एक सहाफुटी बाप्या. बायकोच्या बहिणीसाठी म्हणून जी गाडी मास्टर शोधायला निघाले, ती छत्तीस वर्षं त्या खणात होती. हे मास्टरांना ठाऊक होतं आणि बायकोलाही ठाऊक होतं. ती मूग गिळून बसली, कारण गाडी कशीही असो, ताईकडे जाणार होती.

मग सुरू झालं शिक्षण. मास्टर शिलाई मशीनच्या चाकाला फोन टेकवून व्हिडिओ बघायला लागले. परदेशातले दाढीवाले लोक चिखलात गाड्या रुतवतात आणि काढतात, पुन्हा रुतवतात. महिन्याभरात मास्टरांची भाषा पालटली. गिऱ्हाईक म्हणायचं, "पँट जरा वर घ्या," तर मास्टर विचारायचे, "जमिनीपासून ग्राउंड क्लिअरन्स किती ठेवू?" एका बँक मॅनेजरच्या कोटाची बाही त्यांनी नदी ओलांडायचा व्हिडिओ बघता बघता कापली. ती कोपरापाशी संपली. मॅनेजर अजूनही दुसरीकडे जातो.

मास्टरांचा जुना दोस्त म्हणजे गल्लीच्या टोकाचा गॅरेजवाला मिस्त्री. कमी बोलणारा माणूस. त्याने एवढंच सांगितलं की मला दाखवल्याशिवाय घेऊ नका. पण मास्टरांना कुठला धीर! एका दलालाकडे लाल गाडी आलीय असं कळलं आणि मास्टर गळ्यात टेप तशीच ठेवून तिथे पोचले. लालभडक गाडी, छतावर सहा दिवे, मागे शिडी. मास्टरांचा जीव त्या शिडीवरच गेला. मिस्त्रीला त्या दिवशी यायला जमत नव्हतं, म्हणून त्याने फोनवरून सांगितलं, "खालचा पत्रा बघा. गंज बघा. आणि मुख्य म्हणजे लांबी बघा. लांबी जास्त असली तर हात लावू नका."

मास्टरांना हे एकदम पटलं. लांब गाडीचं पोट टेकतं, व्हिडिओतही सांगतात. आणि मापाचं काम म्हणजे घरचंच. त्यांनी गळ्यातली टेप काढली, दलालाला एक टोक धरायला लावलं आणि गाडी मोजली. मग खात्रीसाठी उलट्या बाजूने मोजली. मग मिस्त्रीला फोन लावला.

"बघितली लांबी."

"किती आहे?"

"चौदा फूट पावणेदोन इंच."

 पलीकडून मिस्त्री म्हणाला, "कुठून कुठपर्यंत?"

"कुठून म्हणजे? पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत!"

"अरे देवा," मिस्त्री म्हणाला, "मग त्यात गाडी कुठे आहे?"

बराच वेळ दोघं आपापल्या धंद्यातलं मराठी बोलत राहिले. शेवटी उलगडा झाला. गंजून भोक पडलेल्या किंवा पोचा आलेल्या पत्र्यावर जो लेप भरून, घासून, वरून रंग मारतात, त्या लेपाला गॅरेजवाले लांबी म्हणतात. मिस्त्री विचारत होता की दारांत लेप किती भरलाय, आणि मास्टर सांगत होते चौदा फूट. "लोहचुंबक लावून बघा," मिस्त्री म्हणाला, "पत्रा असेल तर चिकटेल." लोहचुंबक मास्टरांच्या खिशातच होतं, सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं. ते त्यांनी लाल दारावर ठेवलं. ते घसरून पायावर पडलं. मागच्या दारावर ठेवलं, तिथूनही पडलं. चुंबक धरून ठेवणारी एकच गोष्ट त्या अख्ख्या गाडीत निघाली, ती म्हणजे शिडी.

दलाल तोपर्यंत टेप नीट गुंडाळून मास्टरांच्या हातात देत होता. "काका, तुम्ही शिंपी का?" त्याने विचारलं. मास्टर मान खाली घालून बाहेर पडले.

माणसाने इथे कानाला खडा लावायचा. पण दुसऱ्या गाडीच्या वेळी मास्टरांचं नशीब उघडलं, आणि त्यानेच घात केला. ती गाडी एका निवृत्त कारकुनाची, बघायला चकचकीत, आतल्या सीटना कोरी कव्हरं. मिस्त्रीने इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं, म्हणाला ठीक वाटतेय. मास्टर मात्र मागच्या सीटवर बसून शिवण चाचपत होते. कव्हर नवं, पण आतल्या मूळ सीटचा दोरा त्यांना बोटाला खरखरीत लागला. त्यांनी विचारून न विचारल्यासारखं केलं, खिशातून लहान कात्री काढली आणि दोन टाके उसवले. शिवणीच्या घडीतून पिठासारखा बारीक गाळ त्यांच्या मांडीवर सांडला. गाडी पुरात बुडालेली होती, सीटच्या उंचीपर्यंत. मिस्त्रीने तोंडात बोट घातलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री त्यांना म्हणाला, "मानलं, मास्टर."

झालं! त्या दिवसापासून मास्टरांचे पाय जमिनीवर राहीनात. पाच फूट दोन इंचाच्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटले की उरतं काय, हा त्यांचाच प्रश्न. आता ते मिस्त्रीलाच गाड्या समजावून सांगायला लागले. एक गाडी आवडेना, दुसरी परवडेना, तिसरीचा रंग कपड्याच्या अस्तरासारखा म्हणून नको. तीन महिने गेले, चार गेले. दर रविवारी फोन ठेवला की बायको विचारायची, "काय झालं हो गाडीचं?" आणि मास्टर म्हणायचे, "घाईचं काम नव्हे हे." वरून ताईही विचारायच्या. धाकटी कोण हे कधी आठवायचं, कधी नाही, पण गाडीचं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "गाडी आली का तुझ्या नवऱ्याची?"

पाचव्या महिन्यात गाडी मिळाली, ती गुरांच्या डॉक्टरांची. वय झालं म्हणून डॉक्टर विकत होते. मातकट रंग, चारी बाजूंनी पोचे, आत औषधांचा आणि वासरांचा वास. पण पोचे प्रामाणिक, लांबीचा थेंब नाही. मास्टरांनी दाराच्या कडा, चाकांवरच्या कमानी, सगळीकडे बोटं फिरवली. चाक आणि कमान यांच्यात चांगली वीतभर जागा. आता, कपडा शिवताना शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा दाबून ठेवतात, पुढेमागे सैल करायला, त्याला शिंपी माया म्हणतात. माया नसलेला कपडा मास्टर हातात घेत नाहीत. मोठे टायर बसायला जागा आहे हे बघून ते आनंदाने ओरडले, "डॉक्टर, हिच्यात माया आहे हो!"

डॉक्टरांचे डोळे एकदम भरून आले. "आहे," ते म्हणाले, "फार आहे. अडलेल्या गाईपाशी वेळेवर नेलं हिने मला, एकदा नाही, शंभरदा." मास्टरांनी खुलासा केला नाही. करायला हवा होता की नको, ते अजून त्यांना ठरवता आलेलं नाही. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "हिला काही करू नका बरं का. पठारावर मी अशीच न्यायचो. आहे तशी जाईल."

मिस्त्रीनेही गाडी फिरवून आणली आणि तेच सांगितलं. "टायर तेवढे बदलू. येत्या रविवारी वहिनींना घेऊन जा."

बघा, येत्या रविवारी! गोष्ट इथे संपायची. पण मग मास्टरांच्या तिसऱ्या खणाचं काय? आहे तशीच न्यायची तर मग आल्टर काय केलं? तीस वर्षं तयार माल जसाच्या तसा कुणाला न दिलेला माणूस. "चार इंच उचलायची," मास्टर म्हणाले. "वर मोठे टायर. पुढे विंच."

"विंच कशाला?"

"रुतली तर ओढून काढायला."

"रुतायची नाही."

"विंच असेल तर रुतेल तरी," मास्टर म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या तोंडून गेलं हे आठवलं की ते आजही कपाळाला हात लावतात.

मिस्त्री म्हणाला, "मास्टर, चार इंच उचललीत तर वहिनींना..." मास्टरांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मापाचं मला सांगू नका, म्हणाले. मिस्त्रीने खांदे उडवले. गाडी तोलून धरणारे स्प्रिंगचे पाटे जास्त उंचीचे मागवले, ते यायला महिना. बसवले, तर गाडी एका अंगाला कलली, पुन्हा काढले. टायर आले ते कमानीला घासायला लागले, मग कमानी कापल्या. विंच बसवायला नवा बंपर, बंपरला रंग. मास्टर रोज गॅरेजात जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. अडीच महिने गेले. त्यातल्या एका रविवारी ताई फोनवर धाकटीशी दहा मिनिटं बोलल्या, अगदी आदराने, अहोजाहो करून. बायकोने फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली ती मळतच राहिली. मास्टरांनी ते पाहिलं. पाहिलं आणि मिस्त्रीला जाऊन सांगितलं की दिवे पिवळे लावा.

गाडी दारात आली तो दिवस रविवारचाच. सकाळी लवकर निघायचं, दुपारपर्यंत वर. बायकोने ताईसाठी मऊ कापडाचे दोन गाऊन घेतले होते, केसांना लावायचं तेल घेतलं होतं. गल्ली बघायला जमली. गाडी होतीच तशी, हत्तीएवढी. मास्टरांनी बायकोसाठी दार उघडलं.

बायकोने वर बघितलं. फूटबोर्ड तिच्या मांडीशी येत होता. तिने दांडीला धरलं आणि डावा पाय उचलला, तर सगळा भार दुखऱ्या उजव्यावर आला आणि ती "आई गं" म्हणून खाली बसली. दुसऱ्यांदा उजवा आधी उचलला, तो फूटबोर्डापर्यंत पोचलाच नाही. मास्टरांनी मागून आधार दिला. मिस्त्रीने बाजूने आधार दिला. शेजारीण म्हणाली खुर्ची आणा. खुर्ची आणली, ती डगमगली, आणि बायकोचा तोल गेला तेव्हा मास्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू थांब, मी आधी वर बसतो, मग तुला ओढून घेतो," मास्टर म्हणाले आणि ड्रायव्हरच्या बाजूला गेले. तिथे त्यांनी पाय उचलला. पुन्हा उचलला. मग उडी मारून पोटावर लटकले आणि हात-पाय हवेत मारायला लागले. गल्लीत आधी कुणीतरी खोकलं, मग सगळे हसले. मिस्त्रीने त्यांना कमरेला धरून आत ढकललं. आत बसल्यावर कळलं की क्लचला पाय पुरतो, पण मग समोरचा रस्ता दिसत नाही.

बायको हसली नाही. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती, गाऊनची पिशवी मांडीवर. "अहो," ती म्हणाली, "रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचं माप तुम्हाला नुसतं बघून कळतं. माझा गुडघा किती वर उचलतो ते तीस वर्षांत कळलं नाही?"

मास्टरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"मी पोत्यांवर बसून गेले असते हो," ती म्हणाली, आणि मग रडली. लोक पांगले. मास्टर त्या हत्तीत तसेच बसून राहिले, कारण खाली कसं उतरायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते गॅरेजात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून म्हणाले, "उंची कमी करून द्या." मिस्त्री आत गेला आणि डॉक्टरांच्या गाडीचे जुने पाटे घेऊन आला. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. "टाकले नाहीत?" मास्टरांनी विचारलं. "नाही," मिस्त्री म्हणाला. "सांगत होतो तेव्हा ऐकत नव्हतात. म्हटलं, येतील." तरी सगळं पूर्ववत व्हायला, नवा बंपर काढायला, कापलेल्या कमानींना पत्रा जोडायला तीन आठवडे गेले. फूटबोर्डाखाली मिस्त्रीने आणखी एक रुंद पायरी जोडून दिली. ती किती उंचीवर हवी त्यासाठी मास्टरांनी बायकोला खुर्चीत बसवून तिच्या गुडघ्याचं माप घेतलं, कागदावर लिहून घेतलं, दोनदा तपासलं. बायको पाय पुढे करून माप देत होती.

आणि मग ते निघाले, मास्टर बुडाखाली आणि पाठीशी उशी घेऊन. तो प्रवास मास्टर असा रंगवून सांगतात की गिऱ्हाईक हसून हसून बेजार होतं. डांबर संपलं तिथेच त्यांची पाचावर धारण बसली. चारही चाकांना ताकद देणारा दांडा कुठला आणि खालचा गिअर कुठला, हे दोनशे व्हिडिओ बघून एका क्षणात विसरले. बायकोने मिस्त्रीला फोन लावला आणि तो सांगेल तसं ती सांगत गेली. "छोटा दांडा मागे घ्या. आता क्लच सोडा. हळू. अहो, डोळे उघडा!" एका वळणावर दरीच्या बाजूला चाक गेलं तेव्हा मास्टर जे ओरडले ते ऐकून पुढच्या शेतातली गुरं उधळली. पहिले चार किलोमीटर पाऊण तासात. मागून दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला आला, त्याने हात केला आणि शीळ घालत पुढे निघून गेला. गाडीने मात्र कुरकुर केली नाही. वाट तिच्या ओळखीची होती, आणि मास्टर स्टिअरिंगला लोंबकळले होते एवढंच. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, आहे तशी गेली.

"आणि पोचलो वर," मास्टर म्हणतात. "हा असा घाम, हे असे पाय थरथरतायत. खाली उतरलो आणि काय केलं असेल? कमरेवर हात ठेवून उभा राहिलो!" गिऱ्हाईक हसतं, मास्टर हसतात, चष्मा डोळ्यांवर घेतात, आणि पँट मशीनखाली सरकवतात. गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटतं. यापुढचं ते कुणाला सांगत नाहीत.

पुढे असं झालं. ताई ओसरीवर बाकावर बसल्या होत्या, सुनेने नुकतीच वेणी घालून दिलेली. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. बायको नव्या पायरीवर पाय ठेवून स्वतःची स्वतः उतरली, दुखरा पाय ओढत जवळजवळ धावलीच, आणि "ताई" म्हणून समोर उभी राहिली.

"या," ताई हसून म्हणाल्या. "बसा ना. लांबून आलात?"

बायकोने सुनेकडे बघितलं. सुनेने मान खाली घातली. म्हणाली, "मागच्या महिन्यापर्यंत मधूनमधून आठवत होतं हो, मावशी."

बायको बाकावर बसली. ताईंनी सरकून तिला जागा दिली. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या, "मला एकटीला कंटाळा येतो वाट बघून. माझी धाकटी बहीण यायचीय. तिच्या नवऱ्याने गाडी घेतलीय, खास इकडे यायला. मोठी गाडी आहे म्हणतात." मग त्यांनी गाडीपाशी उभ्या असलेल्या मास्टरांना विचारलं, "तुम्हाला वाटेत दिसली का हो?"

 एरवी प्रत्येक गोष्टीवर स्वतःचीच टर उडवायला ज्यांची जीभ तयार, ते मास्टर गाडीच्या पोच्यावरून बोट फिरवत राहिले.

"रस्ता खराब आहे ना," ताईच त्यांची समजूत घालत म्हणाल्या. "म्हणून उशीर होतोय."

"नाही, ताई," मास्टर म्हणाले. "रस्त्याचं काही नाही. तिच्या नवऱ्यामुळे उशीर झाला."

"असतात काही माणसं अशी," ताई म्हणाल्या. त्यांना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. मग शेजारी बसलेल्या बाईकडे, जिला त्यांनी कडेवर खेळवलं होतं तिच्याकडे वळून, तिच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचे यजमान बरे आहेत हो. वेळेवर घेऊन आले तुम्हाला."

बायकोने मास्टरांकडे बघितलं नाही. "हो," ती म्हणाली, आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून झाकण उघडायला लागली.